मेलं कोण, ते आधी सांग

माझी आई टीव्हीसमोर बसली की शेजारणींना सांगायची, "थांबा वो, आता माही शकुन येईल भांडे घासाले." आणि मी यायचे. पाच-दहा सेकंद भांडी घासायचे, मालकिणीच्या हातातला फोटो बघून दचकायचे आणि पुढचे आठ दिवस नाहीशी व्हायचे. गोंदियाकडच्या आमगावात, आमच्या मोहल्ल्यात तेवढ्यावर आनंदीआनंद असायचा. दुसऱ्याच्या घरची भांडी घासायची पाळी पोरीवर येऊ नये म्हणून आईने मला शिकवलं, आणि मी शिकून-सवरून, मुंबईला जाऊन, कॅमेऱ्यासमोर नेमकं तेच केलं. फरक इतकाच की तिथली भांडी आधीच स्वच्छ असायची.

आमच्या धंद्याला मराठीत 'चरित्र अभिनेत्री' म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला विनोदाची चांगली जाण असावी. कारण या भूमिकांना चरित्र सोडा, बहुतेक वेळा नावही नसतं. कागदावर लिहिलेलं असतं 'बाई', 'शेजारीण', 'मयताची आई'. एकदा नुसतंच 'रडणारी' असं होतं. काम मात्र साधं नाही. कुणीतरी दार उघडायला लागतं, कुणीतरी विहिरीत डोकावून किंचाळायला लागतं, कुणीतरी पोलिसांना सांगायला लागतं की साहेब, मी काल संध्याकाळी त्याला पाहिलं होतं. नायिका खोटं रडली तरी लोक चालवून घेतात, कारण ती सुंदर असते. आमचं खोटं कुणी चालवून घेत नाही. आम्ही खोटं रडलो तर सगळं घरच खोटं दिसतं.

माझी सुरुवात मरणापासून झाली. १९९९ साली मी आमगावजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका होते. लग्न झालं होतं आणि दोन वर्षांत मोडलंही होतं, त्यामुळे परवानगी मागण्यासारखी घरात एक आईच. भीमजयंतीला आमच्या बौद्धवाड्यात नाटक व्हायचं आणि दरवर्षी त्यातली म्हातारी मीच असायची, अठराव्या वर्षापासून. त्या साली हिवतापावर माहितीपट काढायला एक पथक आलं. त्यांना तापाने मरणारी बाई हवी होती. सरपंचांनी माझं नाव सुचवलं. मी खाटेवर पडले, थरथरले, पाणी मागितलं आणि पाणी येण्याआधी गेले. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवून विचारलं, "बाई, तुम्ही आधी कुठे काम केलंय?" मी म्हटलं, "अंगणवाडीत." तो म्हणाला, "तुम्ही फार छान मरता." आयुष्यात कुणी माझ्या कुठल्याच गोष्टीला 'फार छान' म्हटलं नव्हतं. वर्षभरात मी नोकरी सोडली. आई म्हणाली, "मराले मुंबईले कायले जातेस, इथं का कमी मरतेत?" पण डबा तिनेच बांधून दिला.

मुंबईत मला कामं देणारा एक कोऑर्डिनेटर होता, तिवारी. कोऑर्डिनेटर म्हणजे ज्याच्या खिशात आमचे फोटो असतात तो माणूस. त्याने पहिल्या भेटीत माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "शकुनजी, आपका फेस बहुत रियल है." मला आठवडाभर हे कौतुक वाटलं. मग कळलं की मुंबईत दोन प्रकारचे चेहरे असतात, सुंदर आणि रियल. रियल चेहऱ्याला मोलकरीण मिळते, मजुरीण मिळते, भाजीवाली मिळते आणि नशीब फळफळलं तर खुनी माणसाची आई मिळते. गंमत अशी की मी काळी आहे, पण मोलकरीण म्हणून पुरेशी काळी नव्हते. मेकअप करणारी बाई मला रोज दोन छटा खाली उतरवायची. एकदा मी तिला विचारलं, "ताई, माझ्या घरची माणसं माझ्याच रंगाची आहेत, आणि त्यातला एक मामा हेडमास्तर आहे. चालेल ना?" ती म्हणाली, "हलू नका, कानामागे राहिलंय."

पूर्ण नाव विचारण्याची एक पद्धत असते. मी 'शकुन' म्हटलं की समोरचा थांबून राहतो. मग मी 'रामटेके' म्हणते. त्यावर तो म्हणतो, "अच्छा, अच्छा." दोनदा. एक अच्छा ऐकल्याचा असतो आणि एक समजल्याचा. त्यानंतर माझ्याशी सगळे फार चांगले वागतात आणि मला मोलकरणीचं काम देतात.

एकदा मात्र वेगळं झालं होतं. एका मराठी मालिकेत नायकाची दिवंगत आई हवी होती. भिंतीवरचा फोटो. फोटो हासुद्धा रोल असतो. त्याला हार असतो, समोर समई असते आणि नायक प्रत्येक संकटात त्याच्याशी बोलतो. ऐन वेळी ठरलेली बाई आली नाही आणि त्यांनी मला नऊवारी नेसवून, नथ घालून फोटो काढला. दोन भाग मी भिंतीवर होते. मग चॅनेलकडून निरोप आला की आई मुलाला मॅच होत नाही. बस, तेवढंच. भाषा अतिशय सभ्य होती. तिसऱ्या भागापासून तिथे निर्मात्याची गोरी मावशी लागली. मावशी जिवंत होती आणि स्वतःच्या फोटोला हार बघून तिने महिनाभर भाच्याशी बोलणं टाकलं, असं ऐकलं. मी त्याच घरात भांडी घासायला परत गेले.

यातलं कुणाला हसू येत असेल तर यावं, मलाही येतं. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर हसताना मला माझीच लाज वाटते. एका विनोदी मालिकेत दिग्दर्शक म्हणाला, "तुमचं ते गोंदियाचं जरा टाका ना, काऊन-बिऊन." मी टाकलं. 'का'ऐवजी 'काऊन जी', 'कशाला'ऐवजी 'कायले जी', 'जाऊन राहिली ना जी'. लोक लोटपोट झाले. माझा रोल वाढला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी 'जी' लावायला लागले, जिथे आमच्याकडे कुणी लावत नाही तिथेही. सुट्टीला घरी आले तर आईच्या मैत्रिणी म्हणाल्या, "ते टीव्हीतलं बोलून दाखव ना." मी बोलले. त्या हसल्या. मग त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "पण बाई, यात हासाचं का आहे? आमी तर असंच बोलतो." मी म्हटलं, "हो ना." मालिका पुढे सात महिने चालली आणि मी पुढे सात महिने बोलले.

व्हिडिओ गेमचं काम मला आवाजामुळे मिळालं. पुण्यातल्या एका स्टुडिओत तलवारबाजीचा गेम बनत होता. त्यात खेड्यातल्या बायका होत्या आणि त्या मरणार होत्या. गेममध्ये माणूस एकदाच मरत नाही, म्हणून प्रत्येक मरण वेगवेगळं नोंदवून ठेवावं लागतं. काचेच्या खोलीत मी एकटी, समोर माइक, आणि बाहेरून हेडफोनमध्ये सूचना: "मॅडम, छोटा घाव. आता मध्यम घाव. आता मोठा घाव, पण मरायचं नाही. आता मरा. आता उंचावरून पडून मरा. आता भाजून." संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. तिथल्या माणसाने नम्रपणे विचारलं, "बाण राहिलाय, उद्या घेऊ या का?" हिवतापाने एकदाच मरून मी किती नाव कमावलं होतं आणि इथे दिवसभर मरून शेवटी श्रेयनामावलीत 'इतर आवाज' होते.

तो गेम नंतर आमगावच्या सायबर कॅफेत आला. कॅफेचा मालक गोंदिया शहरातला, हिंदी बोलणारा, पन्नाशीचा गृहस्थ. सुट्टीला घरी आले तेव्हा त्याला मी कौतुकाने सांगून ठेवलं होतं की यात मरणाऱ्या बायकांचा आवाज माझा आहे. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "दीदी, कल आपको मैंने ग्यारह बार मारा. हर बार बहुत दुख हुआ." आजवर माझ्या कामाची एवढी प्रामाणिक समीक्षा दुसऱ्या कुणी केलेली नाही.

आता देवरीचं सांगते. खरं म्हणजे हेच सांगायचं आहे. आधीचं सगळं मी रंगमंचावर यायला घाबरते तेव्हा विंगेत फिरते तसं झालं.

२०११च्या उन्हाळ्यात तिवारीचा फोन आला. एक मोठा दिग्दर्शक आदिवासी भागावर सिनेमा काढतोय, आमच्याच जिल्ह्यात देवरीच्या जंगलात शूटिंग आहे, आणि मला मेन रोल आहे. मेन रोल म्हणजे मयताची आई, पण या वेळी तिला नाव होतं. फुलवा. मी म्हटलं, आमच्याकडे फुलवा नाव नसतं. तिवारी म्हणाला, "सर ने तीन साल रिसर्च किया है."

सर पन्नाशीचे होते, हातमागाचा कुर्ता घालायचे आणि हळू आवाजात बोलायचे. त्यांना सगळं ऑथेंटिक हवं होतं. देवरीहून थोडं आत, महामार्गापासून फार लांब नाही असं एक गाव त्यांनी निवडलं होतं. अडचण एवढीच होती की ते गाव त्यांच्या मनातल्या गावासारखं नव्हतं. निम्मी घरं सिमेंटची, छपरांवर टीव्हीच्या छत्र्या, दारात मोटारसायकली. तेव्हा कला विभागाची माणसं कामाला लागली. छत्र्या पोत्यांनी झाकल्या, मोटारसायकली शाळेमागे नेल्या आणि पक्क्या भिंतींवर शेणमाती लिंपायला घेतली.

तिथेच मला सगनबाई पहिल्यांदा दिसली. गोंड बाई, माझ्याच वयाची, उंच, कंबरेवर हात ठेवून उभी. तिच्या नव्या घराची भिंत लिंपली जात होती आणि ती बघत होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, "हे घरकूल मंजूर कराले म्या देवरीले किती खेपा मारल्या, मोजल्या नाई. अन् हे लोकं त्याले माती लावून राहिले. काऊन लावून राहिले?"

मी म्हटलं, "सिनेमात गरीब गाव दाखवायचं आहे."

"मंग आमी का श्रीमंत आहो?" तिने विचारलं. "सिमेंट लागलं म्हणजे श्रीमंत?"

मी हे सरांना सांगितलं नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं असतं आणि माती तशीच लावली असती.

तिसऱ्या दिवशी मयताचा प्रसंग होता. किसना नावाचा गावातला तरुण मेलेला, अंगणात प्रेत, भोवती बायका रडतायत आणि मधोमध मी, त्याची आई. प्रेत म्हणून मुंबईहून एक नट आणला होता. चादरीखाली तो मोबाइल बघायचा. गावातल्या वीस-बावीस बायका बोलावल्या होत्या. तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीची पानं तोडायचे दिवस होते. सकाळचा पत्ता तोडून, घरी टाकून त्या आल्या होत्या आणि काहींनी पुडे बांधायला सोबतही आणले होते. सरांनी आधी ते बाजूला ठेवायला लावले, मग हातांची हालचाल फार सुंदर आहे म्हणून परत द्यायला लावले, मग मयताला कुणी पुडे बांधत बसेल का असं कुणीतरी विचारल्यावर परत काढून घेतले.

सर म्हणाले, "रोना शुरू कीजिए."

कुणीच रडलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगनबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "मेलं कोण, ते आधी सांग."

"किसना."

"कोणाचा?"

"माझा पोरगा."

"तुले पोरगा आहे?"

"नाही."

"मंग?" ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. चादरीखालून प्रेतही हसलं.

मग ग्लिसरीन आणलं. डोळ्यांखाली लावलं की पाणी येतं, आमच्या धंद्यातलं हे मीठ. एकीने ते डोळ्यातच घातलं आणि ती तोंड धुवायला पळाली. दोघींनी वास घेऊन परत दिलं. उरलेल्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ओठांवर हसू होतं. असं तासभर चाललं. सरांचा हळू आवाज आणखी हळू झाला. मोठ्या दिग्दर्शकांचा राग असाच असतो, तो ऐकायला जवळ जावं लागतं.

जेवणाच्या सुट्टीत मी सगनबाईच्या शेजारी बसले. बोलता बोलता ती म्हणाली की तिचा मोठा मुलगा वारला. दोन वर्षं झाली. डोमा त्याचं नाव. महामार्गावर सायकलने चालला होता, ट्रकने उडवलं. ती हे वरणभात कालवत सांगत होती, जसं आपण कुणाच्या बदलीचं सांगतो तसं. मग म्हणाली, "तुही आई आहे का?" मी म्हटलं आहे. "मंग तिच्याजवळ रायत जा."

आणि मी उठून सरांकडे गेले आणि त्यांना हे सांगितलं.

मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनी मला हेरगिरीला धाडलं नव्हतं. मी स्वतःहून गेले, कारण सीन अडला होता आणि तो माझा सीन होता. बारा वर्षं लोकांची भांडी घासल्यावर पहिल्यांदा कॅमेरा माझ्यावर लागला होता आणि मागच्या बायका हसत होत्या. या कारणाहून चांगलं कारण मी आजवर पुष्कळ शोधलं. सापडलेलं नाही.

सरांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "आप बस उनसे बात कीजिए. कैमरा मैं देख लूँगा."

बोलायचं कसं, हे मला माहीत होतं. नटाला स्वतःला रडवायचं असेल तर तो मोठं दुःख आठवत नाही. मोठं दुःख आठवलं की माणूस दगड होतो. लहान गोष्ट आठवायची असते. मी अंगणात प्रेताजवळ जागेवर बसले, सगनबाईला शेजारी घेतलं आणि कॅमेरा सुरू झाल्याचं दिसलं तसं हळूच आमच्या बोलीत विचारलं, "बाई, त्या दिवशी डोमानं शर्ट कोणता घातला होता?"

ती म्हणाली, "निळा." मग म्हणाली, "त्याची बटन तुटली होती. म्या म्हटलं, थांब, लावून देतो. थांबला नाई." मग ती चादरीकडे बघायला लागली. चादरीखाली एक तरुण माणूस होता, एवढं खरं होतं. तिने दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले आणि ओरडली, "डोमा. अरे डोमा. बटन लावून जायचं होतं ना रे बाबा."

मागच्या बायकांमध्ये डोमाला न ओळखणारी एकही नव्हती. आता मेलं कोण ते त्यांना कळलं होतं. सगळं अंगण रडायला लागलं. कुणाला ग्लिसरीन लागलं नाही. मीही रडले, आणि रडताना माझं लक्ष होतं की माझा चेहरा कॅमेऱ्याकडे किती वळलाय. तेवढं तारतम्य माझं सुटलं नाही, हे धंद्यातल्या लोकांनी कौतुकाने वाचावं. सुटलं ते प्रेताचं. त्या मुंबईच्या नटाला चादरीखाली हुंदका आला आणि छाती हलली. तेवढा तुकडा नंतर कापला.

सर 'कट' म्हणाले आणि सगळं युनिट टाळ्या वाजवायला लागलं. सगनबाईने डोळे पुसले, आजूबाजूला पाहिलं आणि मला विचारलं, "टाळ्या कायले वाजवून राहिले?"

मी म्हटलं, "छान झालं म्हणून."

"का छान झालं?"

सर येऊन तिच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले आणि तेंदूपत्त्याचे पुडे उचलून घरी गेली. पुढचे दोन दिवस शूटिंग होतं, ती आली नाही.

पाच-सहा महिन्यांनी मला डबिंगला बोलावलं. डबिंग म्हणजे सिनेमा आधी चित्रित होतो, मग स्टुडिओत पडद्यावर बघत आवाज पुन्हा द्यायचा. ओठ जसे हलले तसे शब्द बसवायचे. देवरीच्या त्या सीनचा आवाज वाया गेला होता. अंगणात सगळे रडत असताना मागून महामार्गावरचे ट्रक सलग ऐकू येत होते. ध्वनिमुद्रकाने खूप प्रयत्न केला, पण ट्रक काढले की रडणंही जायचं.

मला वाटलं, माझं मला बोलायचंय. सर म्हणाले, "शकुनजी, उस औरत का भी आप ही कर दीजिए. आपकी ही तरफ़ की भाषा है."

पडद्यावर सगनबाई आली, मोठ्ठी, भिंतीएवढी. मी कोपऱ्यात होते, निम्मी फ्रेमबाहेर. सीन तिचाच झाला होता. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, 'किसना, ओ मेरे किसना'. मी म्हणून पाहिलं. बसेना. 'किसना' म्हणताना ओठ मिटत नाहीत. पडद्यावर ते 'मा'वर मिटत होते. ध्वनिमुद्रक म्हणाला, "मॅडम, लिप नहीं मिल रहा." पुन्हा केलं, नाही मिळालं. सातआठदा केलं. शेवटी मी कागद खाली ठेवला आणि तिने जे म्हटलं होतं तेच म्हटलं. डोमा. अरे डोमा. बटणाचंही म्हटलं.

एका फटक्यात बसलं.

मुलाचं नाव मी सरांना कधी सांगितलं नव्हतं आणि अंगणातल्या गलक्यात त्यांना ते कळलंही नव्हतं. काचेपलीकडून त्यांचा आवाज आला. "ये 'डोमा' क्या है?"

खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा 'किसना' बसवायला लावलं असतं, नाहीतर तो तुकडाच काढून टाकला असता. मी म्हटलं, "सर, हमारे यहाँ की बोली में बच्चे को प्यार से डोमा बोलते हैं."

"सब बच्चों को?"

"सब को."

सर डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. "ब्यूटिफुल," म्हणाले. "यही तो मैं कह रहा था. रखो इसे."

तीन वर्षांच्या संशोधनात त्यांना डोमा नावाचा एकही माणूस भेटला नव्हता. आमच्या भागात दर दहा घरांमागे एक असेल. सिनेमा परदेशांतल्या महोत्सवांत गेला. खाली इंग्रजीत 'माझं लेकरू' अशा अर्थाचे शब्द उमटायचे. एका इंग्रजी पेपरात तर 'डोमा' या आदिम शब्दातल्या मातृत्वाच्या आर्ततेवर अर्धा परिच्छेद आला होता. तो मी तिवारीकडून समजून घेतला आणि दोन दिवस एकटीच हसत होते. मला वाटलं, चला, जी चूक मी केली ती थोडी तरी भरून काढली. कुणालाही न कळता एका बाईच्या मुलाचं नाव जगभर नेलं.

हे तिला सांगावं असं फार वाटत होतं. पुढच्या उन्हाळ्यात आईला भेटायला आले तेव्हा तिवारीने मोबाइलमध्ये भरून दिलेला तो प्रसंग घेऊन देवरीच्या बसमध्ये बसले आणि गावात गेले. सगनबाई घरीच होती. तिने मला ओळखलं. "ये," म्हणाली. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी मी सरांना जाऊन सांगितलं होतं, तेही. ती ऐकत होती. रागावली नाही, 'असू दे'ही म्हणाली नाही.

मग मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तो प्रसंग पूर्ण पाहिला. परत एकदा लावायला सांगितला आणि या वेळी पडद्याकडे न बघता मोबाइल कानाशी धरून ऐकला. ऐकून झाल्यावर तो खाटेवर ठेवला.

"हा आवाज तुहा आहे," ती म्हणाली.

"हो. तुमचा आवाज ट्रकमुळे खराब झाला होता. मग मुंबईत परत करावा लागला. नाव मात्र मी बदलू दिलं नाही." हे मी जरा अभिमानानेच म्हटलं असणार.

"परत कराचा होता, तर मले काऊन नाई बोलावलं?"

मी बोलायला तोंड उघडलं. स्टुडिओ, माइक, ओठ जुळवणं, हे शिकलेल्या माणसाचं काम असतं, असं काहीतरी जिभेवर आलं होतं. ते बाहेर पडलं नाही, कारण त्या दिवशी स्टुडिओत सरांना, ध्वनिमुद्रकाला आणि मला, तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. सुचून नाकारलं असतं तर निदान सांगायला कारण तरी असतं.

"म्या आली असती," सगनबाई म्हणाली. "रेल्वेनं आली असती. माह्या पोराले म्याच हाक मारली असती."